दारातच अडवा: घरच्या मेल सर्व्हरवरच्या स्पॅमबद्दल वाचकांचे प्रश्न

घरी स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांकडे लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल घेणारा आणि पाठवणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (पेटीतले मेल फोन-संगणकावर दाखवणारा) आहे, म्हणून उत्तरेही तीच जोडी धरून दिली आहेत. आज्ञा, फाइली आणि सेटिंगांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. यंत्रावर ती मूळ रोमन अक्षरांतच लिहायची, आकडेसुद्धा.

प्रश्न: मिनी पीसीवर पोस्टफिक्स, डव्हकॉट आणि स्पॅमअसॅसिन बसवले आहे. घरातले चौघे वापरतात. रोज दीडशे-दोनशे कचरा मेल येतात. स्पॅमअसॅसिन बरेच पकडतो, पण जंक फोल्डर तुंबतो आणि यंत्र सतत तापलेले असते. सुरुवात कुठून करू? (पुणे)

तुमची चाळणी चुकीच्या टोकाला लागली आहे. स्पॅमअसॅसिन मेलचा मजकूर वाचून, शेकडो नियम लावून निकाल देतो. हे सगळ्यात महागडे काम, आणि ते सगळ्यात शेवटी, उरलेल्या मोजक्या मेलांवर करायचे असते. कचरा पाठवणारी बरीच यंत्रे म्हणजे कुणाच्या तरी घरातले व्हायरस लागलेले संगणक आणि राउटर असतात. त्यांना ओळखायला मजकूर वाचावा लागत नाही. ती कुठून आली आणि दारात कशी वागली, एवढे पाहिले तरी पुरते.

पोस्टफिक्समध्ये हे काम पोस्टस्क्रीन करतो. तो २.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून सोबतच येतो. पोस्टफिक्सची मास्टर.सीएफ ही सेटिंग फाइल उघडा. 'एसएमटीपी आयनेट' ने सुरू होणारी आणि 'एसएमटीपीडी' ने संपणारी ओळ बंद करा. तिच्या खालीच पोस्टस्क्रीन, 'एसएमटीपीडी पास', डीएनएसब्लॉग आणि टीएलएसप्रॉक्सी अशा चार ओळी # लावून ठेवलेल्या असतात, त्यांची # काढा. एवढ्यावर तो चालू होतो, पण अडवत कुणालाच नाही. बरेच जण इथेच फसतात. पोस्टस्क्रीन_ग्रीट_ॲक्शन आणि पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_ॲक्शन या दोन्हींची मूळ किंमत 'इग्नोर' असते, म्हणजे नोंद करायची आणि सोडून द्यायचे. मेन.सीएफ या दुसऱ्या सेटिंग फाइलीत दोन्ही 'एन्फोर्स' करा. 'ड्रॉप' सुद्धा चालते, पण त्यात जोडणी लगेच तुटते. 'एन्फोर्स' मध्ये समोरच्याला पत्ते सांगू दिले जातात आणि मग नकार मिळतो, त्यामुळे कुणाकडून कुणाला मेल येत होता हे लॉगमध्ये उरते. पुढे एखादा खरा मेल अडला तर शोधायला तीच नोंद उपयोगी पडते.

पहिली परीक्षा अगदी साधी आहे. जोडणी झाली की पोस्टस्क्रीन स्वागताची अर्धीच ओळ पाठवतो आणि सहा सेकंद गप्प बसतो. खरा मेल सर्व्हर पूर्ण स्वागत होईपर्यंत थांबतो. कचरा टाकणाऱ्याला घाई असते, तो मध्येच बोलायला लागतो. लॉगमध्ये 'प्रीग्रीट' शब्द दिसला की समजा एक पकडला.

दुसरी परीक्षा काळ्या याद्यांची, म्हणजे कचरा पाठवणाऱ्या पत्त्यांच्या सार्वजनिक याद्यांची. त्यांना वजन द्या, एकाच यादीवर भिस्त ठेवू नका. घरच्या सर्व्हरला पुरेल अशी मांडणी: स्पॅमहाउसच्या 'झेन' यादीला वजन ३, स्पॅमकॉपला २, बॅराकुडाला २, आणि पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_थ्रेशोल्ड ३. म्हणजे झेन एकटी अडवू शकते, बाकीच्या दोघींचे मात्र एकमत लागते. बॅराकुडासाठी आपला आयपी पत्ता आधी मोफत नोंदवावा लागतो. झेन घरगुती, बिनव्यापारी, थोड्या वापरासाठी फुकट आहे. तिचा एक भाग, पीबीएल, म्हणजे थेट मेल पाठवू नये अशा घरगुती आणि मोबाइल जोडण्यांच्या पत्त्यांची यादी. व्हायरस लागलेली यंत्रे बहुधा याच जाळ्यात सापडतात.

पण तोच पीबीएल तुमच्या घरच्यांनाही अडवेल. मुलीच्या फोनमधले मेल ॲप २५ नंबरच्या पोर्टवरून पाठवत असेल, तर मोबाइल नेटवर्कवर गेल्यागेल्या तिला नकार मिळेल. घरच्या माणसांनी ५८७ किंवा ४६५ वापरायचा. २५ हा फक्त परक्या सर्व्हरांचा दरवाजा, आणि तिथे लॉगिनची सोयच ठेवायची नाही.

पोस्टस्क्रीनमध्ये आणखी तीन 'खोल' परीक्षा आहेत: पाइपलायनिंग, नॉन-एसएमटीपी आज्ञा आणि बेअर न्यूलाइन. त्या बंदच ठेवा. त्या पास झालेल्या चांगल्या सर्व्हरलाही पहिल्यांदा 'परत या' असेच सांगितले जाते, आणि मोठ्या मेल कंपन्या परत येतात त्या वेगळ्याच पत्त्यावरून.

पोस्टस्क्रीनमधून जे पुढे जातील त्यांच्यासाठी एसएमटीपीडीला (मेल स्वीकारणारा पोस्टफिक्सचा भाग) हेलोचे, म्हणजे समोरच्या सर्व्हरने आधी स्वतःचे नाव सांगण्याचे, नियम द्या: हेलो सक्तीचा, नाव अर्धवट असेल तर नकार, आणि परका कुणी तुमच्याच सर्व्हरचे नाव किंवा आयपी सांगत असेल तर ताबडतोब नकार. उलट नोंद (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी), म्हणजे पीटीआर, अजिबात नसलेल्यांना अडवणारा रिजेक्ट_अननोन_रिव्हर्स_क्लायंट_होस्टनेम हा नियम कामाचा आहे. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या रिजेक्ट_अननोन_क्लायंट_होस्टनेमच्या वाटेला जाऊ नका. नाव आणि पत्ता दोन्ही बाजूंनी जुळलाच पाहिजे असा त्याचा हट्ट असतो, आणि कित्येक लहान कार्यालयांचे सर्व्हर त्यात नाहक अडकतात. कोणत्याही नव्या नियमाआधी 'वॉर्न_इफ_रिजेक्ट' लिहून दोन आठवडे नुसता लॉग पाहा. काय अडले असते ते दिसते, अडत काही नाही.

प्रश्न: झेन यादी लावल्यापासून सगळेच मेल नाकारले जात आहेत, जीमेलचेसुद्धा! यादी काढली की पूर्ववत. (कोल्हापूर)

तुमचा सर्व्हर नावे शोधायला ८.८.८.८ किंवा १.१.१.१ सारखा सार्वजनिक डीएनएस वापरतो आहे. स्पॅमहाउस अशा सार्वजनिक डीएनएसमार्फत आलेल्या चौकशीला खरे उत्तर देत नाही. त्याऐवजी १२७.२५५.२५५.२५४ असा चूक कळवणारा संकेत पाठवते. चौकशा फार झाल्या तर १२७.२५५.२५५.२५५, यादीचे नाव चुकीचे टाइप झाले तर १२७.२५५.२५५.२५२. आणि पोस्टफिक्सला नुसते यादीचे नाव दिले असेल, तर कोणतेही उत्तर आले की तो त्याचा अर्थ 'हा यादीत आहे' असाच घेतो.

इलाज दोन, आणि दोन्ही करायचे. पहिला, यादीच्या नावापुढे कोणती उत्तरे मानायची ते लिहा: 'झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग=१२७.०.०.[२..११]' आणि मग वजन. यात २ म्हणजे ज्ञात स्पॅमर, ३ म्हणजे सीएसएस (आपोआप टिपलेले स्पॅमर), ४ म्हणजे व्हायरस लागलेली यंत्रे, १० आणि ११ म्हणजे पीबीएल. एवढ्याने नाहक नकार थांबतील, पण यादी आंधळीच राहील. म्हणून दुसरा इलाज: त्याच यंत्रावर अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस बसवा. त्याच्या सेटिंगमध्ये 'फॉरवर्ड-झोन' ठेवू नका, नाहीतर तो पुन्हा ८.८.८.८ लाच विचारेल आणि तुम्ही होतात तिथेच. मग रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.१.

डेबियन-उबुंटूवर आणखी एक खाच आहे. तिथे पोस्टफिक्सचे बरेच भाग स्वतःच्या कोंडवाड्यात चालतात आणि रिझॉल्व्ह.कॉन्फची प्रत /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/ईटीसी मधून वाचतात. मूळ फाइल बदलून 'रीलोड' दिले तरी ती प्रत जुनीच राहू शकते. पूर्ण 'रीस्टार्ट' द्या आणि दोन्ही फाइली सारख्या आहेत का ते बघा.

चाचणी: 'डिग' ने २.०.०.१२७.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग विचारा. १२७.०.०.२, १२७.०.०.४ आणि १२७.०.०.१० अशी उत्तरे आली की गाडी रुळावर. काहीच आले नाही किंवा २५५ वाले आले, तर अनबाउंडकडे परत.

जाता जाता, जुन्या मार्गदर्शकांतून याद्यांची नावे उचलू नका. बंद पडलेली यादी नुसती गप्प बसत नाही. ओआरडीबी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी लोक विचारतच राहिले, म्हणून मार्च २००८ मध्ये तिने सगळ्या जगाला स्पॅमर म्हणायला सुरुवात केली. सॉर्ब्ज ही यादीही जून २०२४ मध्ये बंद झाली. आणि चालू यादीचाही भरवसा नसतो. २०२१ च्या जानेवारीअखेर स्पॅमकॉपच्या डोमेनची मुदत संपली आणि काही तास तीही सगळ्यांनाच दोषी ठरवत होती. त्या दिवशी ज्यांनी तिला दोनच गुण दिले होते त्यांचे मेल चालू राहिले.

प्रश्न: घरच्या फायबरला खरा सार्वजनिक आयपी मिळत नाही, म्हणून भाड्याचा व्हीपीएस (दूरचा आभासी सर्व्हर) घेऊन वायरगार्डच्या (व्हीपीएन) बोगद्यातून २५ चे पोर्ट घरी आणले. लॉगमध्ये प्रत्येक मेल १०.८.०.१ वरूनच आलेला दिसतो. स्पॅम काही केल्या अडत नाही, आणि परवा रात्रीत माझ्या सर्व्हरवरून हजारो मेल बाहेर गेले. (ठाणे)

दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच. आधी आग विझवा. पोर्ट २५ व्हीपीएसवरच बंद करा. 'पोस्टसुपर -एच ऑल' (एच लहान लिपीतला) देऊन रांगेतले सगळे मेल स्थगित करा. 'पोस्टक्यू -पी' ने ते पाहून कचरा 'पोस्टसुपर -डी' ने उडवा आणि घरच्यांचे खरे मेल 'पोस्टसुपर -एच' ने, इथे एच मोठ्या लिपीतला लिहून, मोकळे करा. थेट 'डी ऑल' दिले की तेही जातात.

आता कारण. व्हीपीएसवर मास्करेड, म्हणजे मूळ पत्ता झाकून स्वतःचा लावण्याची सोय, चालू आहे. त्यामुळे जगातला प्रत्येक पाहुणा घरच्या सर्व्हरला बोगद्याच्या टोकाच्या पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. काळी यादी, पीटीआर, एसपीएफ (डोमेनचे मेल कोणत्या पत्त्यांवरून जातात ते सांगणारी नोंद), सगळ्यांना खरा आयपी लागतो, तो नाही म्हणून सगळे आंधळे. त्यात तुमच्या 'मायनेटवर्क्स' मध्ये १०.८.०.०/२४ लिहिलेले असणार. म्हणजे पोस्टफिक्सच्या लेखी जगातला प्रत्येक माणूस घरचाच, आणि घरच्याला कुठेही मेल पाठवायची मुभा. यालाच ओपन रिले म्हणतात. डॉकरमध्ये पोस्टफिक्स चालवणाऱ्यांनाही हाच फटका बसतो, तिथे पत्ता १७२.१७.०.१ दिसतो एवढाच फरक.

मायनेटवर्क्समध्ये फक्त १२७.०.०.०/८ आणि तिचे आयपीव्ही६ भावंड ठेवा. घरातल्या प्रिंटरसाठी सवलत हवी असेल तर त्याचा एकच पत्ता लिहा, अख्खी रेंज नको. एसएमटीपीडी_रिले_रिस्ट्रिक्शन्सच्या शेवटी रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन आहे ना, ते डोळ्यांनी पाहा.

खरा आयपी घरापर्यंत आणायचा सोपा मार्ग म्हणजे व्हीपीएसवर एचएप्रॉक्सी, जोडण्या पुढे सोपवणारा प्रोग्राम. 'मोड टीसीपी', आणि सर्व्हरच्या ओळीत शेवटी 'सेंड-प्रॉक्सी'. मग तो प्रत्येक जोडणीच्या सुरुवातीला मूळ पत्त्याची चिठ्ठी जोडतो. ती वाचायला घरी पोस्टस्क्रीन_अपस्ट्रीम_प्रॉक्सी_प्रोटोकॉल = एचएप्रॉक्सी, पोस्टफिक्स २.१० किंवा पुढची आवृत्ती. हे चालू झाले की चिठ्ठीशिवाय आलेली जोडणी त्या पोर्टवर चालत नाही. म्हणून हे सेटिंग मेन.सीएफमध्ये सरसकट न टाकता मास्टर.सीएफमध्ये एचएप्रॉक्सीसाठी ठेवलेल्या पोस्टस्क्रीनच्या ओळीलाच '-ओ' ने जोडा, आणि ते पोर्ट फायरवॉलने फक्त बोगद्यासाठी उघडा. ते बाहेर उघडे राहिले तर कुणीही खोटी चिठ्ठी लावून येईल. झाल्यावर बाहेरून स्वतःला एक मेल पाठवा आणि लॉगमधली 'कनेक्ट फ्रॉम' ओळ पाहा. पाठवणाऱ्या कंपनीचा पत्ता दिसला पाहिजे.

जाणारे मेल व्हीपीएसच्याच पत्त्यावरून जाऊ द्या, आणि त्या पत्त्याला पीटीआर लावून घ्या. हजारो कचरा मेल गेल्यावर तो पत्ता काळ्या याद्यांत आला असणार. भोक बुजवल्यानंतरच नाव काढायचा अर्ज करा. आधी केला तर पुन्हा यादीत येईल, आणि दुसऱ्यांदा सुटका अवघड जाते.

प्रश्न: ग्रेलिस्टिंग लावल्यापासून स्पॅम खूप कमी झाला, पण बँकेचा ओटीपी मुदत संपल्यावर येतो. अपवादांची यादी वाढवतच चालले आहे. (मडगाव)

यादी वाढवण्यात अर्थ नाही, ती कधीच पुरी होणार नाही. ग्रेलिस्टिंग अनोळखी पाठवणाऱ्याला 'थोड्या वेळाने या' म्हणते. पोस्टग्रे या ग्रेलिस्टिंगच्या प्रोग्राममध्ये मूळ मुदत ३०० सेकंदांची. पण समोरचा नक्की पाचव्या मिनिटाला येईल असे नाही. कुणी पंधरा मिनिटांनी येतो, कुणी अर्ध्या तासाने, कुणी वेगळ्या पत्त्यावरून येतो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. २००३ मध्ये ही युक्ती मांडली गेली तेव्हा ओटीपीची घाई नव्हती.

सगळ्यांना न थांबवता फक्त संशयितांना थांबवा. रस्पॅमडी हा स्पॅमअसॅसिनसारखाच गुण देणारा प्रोग्राम हेच करतो. मेलला ४ गुण झाले तरच तो ग्रेलिस्ट करतो. बँकेचा डीकिम सहीचा (मेल खरोखर त्या डोमेनचा असल्याची सही), स्वच्छ पत्त्यावरून आलेला मेल तिथवर पोचत नाही आणि थेट आत येतो. पोस्टग्रे काढून टाका.

प्रश्न: स्पॅमअसॅसिन की रस्पॅमडी? (नागपूर)

नव्याने मांडत असाल तर रस्पॅमडी. तो मिल्टर (मेल स्वीकारतानाच तपासणारा जोड) म्हणून ११३३२ पोर्टवर पोस्टफिक्सला जोडला जातो, त्यामुळे समोरचा अजून दारात असतानाच निकाल लागतो. मूळ मर्यादा अशा: ४ ला ग्रेलिस्ट, ६ ला मेलच्या हेडरमध्ये खूण, १५ ला नकार. सोबत रेडिस हा डेटाबेस लागतो. स्पॅमअसॅसिन चांगला बसलेला असेल तर केवळ फॅशन म्हणून बदलू नका. फक्त तो मेल स्वीकारल्यानंतर न चालता मिल्टरमधून चालतो आहे एवढे बघा. क्लॅमएव्ही हा व्हायरस शोधणारा प्रोग्राम एकटाच एक जीबीहून जास्त मेमरी खातो. लहान यंत्रावर त्यापेक्षा .ईएक्सई, .जेएस, .व्हीबीएस, .आयएसओ ही जोडपत्रे सरसकट नाकारलेली बरी.

प्रश्न: दिवाळी अंकासाठी लेखकांचे मजकूर मेलने मागवतो. मराठीतले मेल जंकमध्ये जातात आणि इंग्रजीतली कर्जाची जाहिरात मात्र इनबॉक्समध्ये. स्पॅमअसॅसिनला महिनाभर शिकवतो आहे, फरक शून्य. (सोलापूर)

फरक शून्य म्हणता, तर आधी हे बघा की तुम्ही शिकवता कुणाला. 'एसए-लर्न' रूट म्हणून चालवला तर शिक्षण रूटच्या घरात साठते, आणि तपासणी करणारा प्रोग्राम वेगळ्याच वापरकर्त्याच्या नावाने चालतो. त्याचा डेटाबेस कोराच. ही चूक इतकी सर्रास होते की बाकी काही तपासण्याआधी हीच तपासावी. ज्या वापरकर्त्याने स्पॅमअसॅसिन चालतो त्याच्याच नावाने 'एसए-लर्न --डम्प मॅजिक' द्या. त्यात 'एनस्पॅम' आणि 'एनहॅम' असे दोन आकडे दिसतील. दोन्ही २०० च्या वर गेल्याशिवाय बेझ, म्हणजे शब्द मोजून शिकणारा भाग, तोंडच उघडत नाही. रस्पॅमडीतही मूळ अट २०० चीच आहे.

दुसरे, लोक कचरा शिकवतात आणि चांगले मेल शिकवायचे विसरतात. तुमच्या बाबतीत तर चांगल्याची जास्त गरज आहे. गेल्या दोन-तीन वर्षांतले लेखकांचे मेल ज्या फोल्डरमध्ये असतील तो अख्खा '--हॅम' म्हणून द्या. बेझला मराठी येत नाही आणि यायची गरजही नाही. 'लेख', 'मानधन', 'मुखपृष्ठ', 'कळावे' हे शब्द चांगल्या मेलांत येतात एवढे त्याने मोजले की झाले. पुढे रोजच्यासाठी डव्हकॉटमध्ये आयमॅपसीव्ह लावा. मेल जंकमध्ये ओढला की स्पॅम म्हणून आणि जंकमधून बाहेर काढला की चांगला म्हणून आपोआप शिकवला जातो. जंक रिकामे करताना मेल कचरापेटीत जातात, त्या हालचालीला 'चांगला' समजू नये असा अपवाद मात्र सीव्हमध्ये (डव्हकॉटचे मेल वर्गवारीचे नियम) घाला, नाहीतर महिन्याची मेहनत एका क्लिकमध्ये उलटी होईल.

तिसरे, टेक्स्टकॅट हा भाषा ओळखणारा जोड कुणी चालू केला आहे का ते पाहा. इंटरनेटवरून उचललेल्या सेटिंगमध्ये 'ओके_लँग्वेजेस' समोर नुसते इंग्रजीचे 'ईएन' असते. मग मराठी मेल नकोशा भाषेतला ठरून गुण वाढतात. तिथे 'एमआर' आणि 'एचआय' जोडा. हिंदी मुद्दाम, कारण लहान मराठी मजकूर त्याला पुष्कळदा हिंदी वाटतो.

चौथे दुखणे खास आपले. काही लेखक अजून श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेला मजकूर मेलमध्येच चिकटवतात. तुमच्याकडे तो फॉन्ट असेल तर वाचता येतो, चाळणीला मात्र ती चित्रविचित्र रोमन अक्षरांची भेळ दिसते, आणि स्पॅमरही शब्द लपवायला तसाच गोंधळ करतात. हे मेल बेझला शिकवू नका, त्याचा हिशेबच बिघडेल. अशा लेखकांचे पत्ते विश्वासू यादीत टाका, पण 'व्हाइटलिस्ट_फ्रॉम' ने नव्हे, कारण त्यात पाठवणाऱ्याचे नाव कुणीही खोटे लिहू शकतो. 'वेलकमलिस्ट_ऑथ' वापरा. स्पॅमअसॅसिन ४.० च्या आधी त्याचे नाव 'व्हाइटलिस्ट_ऑथ' होते. तो एसपीएफ किंवा डीकिम जुळला तरच सवलत देतो. आणि लेखकांना मजकूर जोडपत्र म्हणून, युनिकोडमध्ये पाठवायला सांगा. अक्षरजुळणीवालाही दुवा देईल.

प्रश्न: माझ्याच पत्त्यावरून मला मेल आला: तुझा कॅमेरा हॅक केला आहे, बिटकॉइन पाठव. त्यातच 'आपला मेल पोचला नाही' अशा परती शेकड्याने येतात, ते मेल मी पाठवलेलेच नाहीत. सर्व्हर फुटला आहे का? (औरंगाबाद मार्ग, अहिल्यानगर)

आधी लॉग पाहा. ते मेल तुमच्या सर्व्हरवरून गेल्याची नोंद नसेल तर फुटलेला नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव कुणीही लिहू शकतो, तसेच हे. नोंद असेल, तर त्याच ओळींत 'एसएएसएल_युजरनेम' समोर कुणाचे नाव आहे ते बघा. ज्याचे असेल त्याचा पासवर्ड चोरीला गेला आहे. तो बदला, फेल२बॅन (चुकीचे पासवर्ड देणारे पत्ते अडवणारा प्रोग्राम) लावा, आणि पहिल्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे २५ वरचे लॉगिन काढून टाका.

नाव वापरण्याला आळा घालायला डीएनएसमध्ये तीन नोंदी. एसपीएफमध्ये तुमचे मेल जिथून जातात तेवढेच, शेवटी '-ऑल'. मेल फक्त एमएक्स यंत्रावरूनच (डोमेनचे मेल घेणारा सर्व्हर) जात असतील तर 'एमएक्स -ऑल' एवढेच पुरते. रिले कंपनी (तुमचे मेल पुढे पोचवणारी) वापरत असाल तर तिचा 'इन्क्लूड' लागतो, आणि एकूण डीएनएस चौकशा दहाच्या वर गेल्या की अख्खी नोंद बाद होते. मग डीकिमची सही. मग डीमार्क (एसपीएफ-डीकिम जुळले नाही तर काय करायचे ते सांगणारी नोंद), सुरुवातीला 'पी=नन' ठेवून अहवाल मागवा. दोन-तीन आठवडे अहवालात तुमचे खरे मेल पास होताना दिसले की 'क्वारंटीन', मग 'रिजेक्ट'.

एवढे करून धमकीचा मेल तरीही येईल, जर तुमचा स्वतःचा सर्व्हर डीमार्क तपासत नसेल! नोंद लावणे आणि पाळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. रस्पॅमडीत डीमार्कच्या 'ॲक्शन्स' मध्ये रिजेक्टसमोर 'रिजेक्ट' लिहावे लागते. ओपनडीमार्कमध्ये 'रिजेक्टफेल्युअर्स' मुळात बंद असते, ते चालू करा. तुमचे पत्ते एखाद्या मेलिंग लिस्टवर असतील तर आधी त्या लिस्टवरून परतलेला स्वतःचा मेल पास होतो का ते पाहा, काही लिस्टा सही मोडतात.

आता उलट बाजू. जशा परती तुम्हाला येतात तशा तुमचा सर्व्हर इतरांना पाठवत नाही ना? मेल एकदा स्वीकारला आणि मग नाकारायचे ठरले, की परत जाते ती खोट्या पत्त्याच्या निरपराध मालकाला. म्हणून नसलेल्या नावाला दारातच ५५०, म्हणजे कायमचा नकार. सुट्टीवरचे स्वयंउत्तर सीव्हमध्ये स्पॅम बाजूला काढणाऱ्या नियमाच्या खाली ठेवा, वर नाही. आणि दुसरा, राखीव एमएक्स असेल तर तो काढून टाका. त्याला तुमच्या घरातली नावे ठाऊक नसतात, तो सगळे घेतो, आणि स्पॅमर हे ओळखून मुद्दाम मागच्या दारानेच येतात. वीज गेली तर मेल हरवतील ही भीती नको. पाठवणारे सर्व्हर साधारण चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतात, पोस्टफिक्सची मूळ मुदतच पाच दिवसांची आहे. राखीव सर्व्हरच्या पैशात राउटर आणि मिनी पीसीसाठी छोटा यूपीएस येतो.

प्रश्न: माझ्या सर्व्हरवर येणारे सगळे मेल पुढे जीमेलला पाठवतो. आता जीमेल माझेच मेल नाकारू लागले आहे. (न्यू जर्सी)

तुम्ही तुमचा स्पॅमही पुढे पाठवता, आणि जीमेलच्या दृष्टीने तो पाठवणारे तुम्हीच. शिवाय पुढे पाठवताना मूळ डोमेनचा एसपीएफ तुमच्या पत्त्याशी जुळत नाही. पोस्टएसआरएसडी बसवले तर पाकिटावरचा पत्ता बदलून एसपीएफ सुटतो, पण डीमार्क मूळ डीकिम सहीवरच तरतो, म्हणून वाटेत विषयाच्या आधी 'स्पॅम' शब्द जोडणे किंवा खाली तळटीप लावणे बंद करा. सगळ्यात चांगले म्हणजे पुढे पाठवूच नका. फोनमधल्या मेल ॲपमध्ये दुसरे खाते म्हणून आयमॅपने तुमचा सर्व्हर जोडा. पाठवायचेच असेल तर रस्पॅमडीने ६ च्या वर गुण दिलेले सोडून बाकीचे.

प्रश्न: प्रत्येक दुकानाला वेगळा पत्ता देता यावा म्हणून कॅच-ऑल (डोमेनवरचे कोणतेही नाव स्वीकारणारा पत्ता) ठेवला आहे. काढावा का? (डोंबिवली)

काढा. कॅच-ऑल म्हणजे स्पॅमरने अंदाजाने लिहिलेले प्रत्येक नाव खरे ठरते. तुम्हाला हवे ते रेसिपिएंट_डेलिमिटरने मिळते: 'नाव+किराणा', 'नाव+वीजबिल' असे पत्ते आपोआप तुमच्याच पेटीत येतात. काही संकेतस्थळांना पत्त्यातली अधिक खूण चालत नाही. पोस्टफिक्स २.११ पासून तिथे '+-' अशा दोन खुणा देता येतात, मग 'नाव-किराणा' ही चालतो. डव्हकॉटमध्येही तेच लिहा. एखाद्या दुकानाकडून पत्ता फुटला की तेवढ्याच एका पत्त्याला चेक_रेसिपिएंट_ॲक्सेसमध्ये 'रिजेक्ट' लिहायचे, आणि ती ओळ परवानगीच्या ओळींच्या वर ठेवायची.